जितक्या गाई हिवाळ्यात, तितक्याच डोंगरावर

आल्प्स पर्वत आपल्यापैकी बहुतेकांना हिंदी सिनेमानं दाखवला. बर्फाच्या पार्श्वभूमीवर शिफॉनची साडी, हिरव्या उतारावर पळणारा नायक, मागं कुठंतरी गळ्यात घंटा बांधलेल्या चार गाई. गाणं संपतं, नायक-नायिका मुंबईला परत येतात आणि गाई तिथंच राहतात. त्या गाई कुणाच्या, त्या उतारावर त्यांना कुणी सोडलं, किती सोडल्या, हा प्रश्न गाण्यात येत नाही. आज मी त्या गाईंबद्दल बोलणार आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा. आपण आल्प्स म्हणतो ते पर्वताचं नाव म्हणून. तिथला शेतकरी ‘आल्प’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात शिखर नसतं. जंगलाची हद्द संपल्यावर, खडक आणि बर्फ सुरू होण्याआधी, मधे जो गवताचा पट्टा असतो, त्याला तो आल्प म्हणतो. म्हणजे उन्हाळी कुरण. शिखर त्याच्या काही कामाचं नव्हतं. तिथं चढून जाण्याचा छंद इंग्रज मंडळींनी एकोणिसाव्या शतकात आणला. गवत मात्र पोटाचा प्रश्न होता.

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला वालिस नावाचा प्रांत आहे. फ्रेंच बोलणारे त्याला व्हाले म्हणतात. रोन नदीचं हे खोरं. त्याला दक्षिणेकडून फिस्पा नावाची नदी येऊन मिळते. तिच्या काठानं वर गेलं की जगप्रसिद्ध झरमॅट लागतं. पर्यटक झरमॅटची गाडी पकडून पुढं निघून जातात आणि वाटेत उजव्या हाताला, उंच उतारावर चिकटल्यासारखं दिसणारं एक गाव मागं पडतं. ट्योर्बेल त्याचं नाव. समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे मीटर उंचीवर. वस्ती आज पाचशेच्या आतबाहेर. भाषा जर्मन, पण अशी जुनी बोली की खुद्द जर्मनीतला माणूस गोंधळून जातो. मी या गावाला गेलेलो नाही. माझी त्याची ओळख कागदावरची. पण काही गावं कागदावरही अंगाला लागतात.

या गावाचं नाव जगाला कळलं ते दोन अभ्यासकांमुळं. रॉबर्ट नेटिंग नावाचे एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होते. आधी त्यांनी नायजेरियातल्या कोफ्यार नावाच्या डोंगरी शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता. १९७० च्या सुमारास ते ट्योर्बेलला येऊन राहिले, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या वह्या आणि गावचे जुने दस्तऐवज त्यांनी चाळले आणि १९८१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाचा आधार घेऊन एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनं १९९० मध्ये आपला मोठा सिद्धांत मांडला. २००९ साली ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. बाई मुळात राज्यशास्त्राच्या. ती बातमी वाचून मी त्यांचं पुस्तक शोधलं, आणि त्यात हे गाव सापडलं.

आधी जमीन समजून घेऊ. हे गाव आडवं पसरलेलं नाही, उभं रचलेलं आहे. सगळ्यात खाली, नदीच्या बाजूला, जिथं ऊब जास्त, तिथं द्राक्षाच्या बागा. त्याच्या वर राय नावाच्या धान्याची शेतं. मग घरं, घरांच्या आसपास भाजीचे तुकडे आणि चाऱ्याची कुरणं. त्याच्या वर सूचिपर्णी झाडांचं जंगल. आणि जंगलाच्या वर, दोन हजार मीटरच्या पुढं, आल्प. प्रत्येक घराला या सगळ्या पायऱ्यांवर थोडं थोडं काहीतरी लागायचं. त्यामुळं माणसं वर्षभर वर-खाली करत असत. मार्चमध्ये द्राक्षाकडं खाली, जूनमध्ये गुरांबरोबर वर, जुलैत गवत कापायला मधे.

आणि पाऊस? बर्फाचा देश म्हणून आपण पाण्याची सुबत्ता धरून चालतो. पण हे खोरं चहूबाजूंनी उंच डोंगरांनी घेरलेलं आहे, ढग बाहेरच रिते होतात. वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. आपल्या माणदेशी माणसाला हा आकडा सांगितला तर तो लगेच मान डोलावेल.

वाटणीची गोष्ट आणखी मजेशीर. युरोपच्या पुष्कळ भागांत सगळी जमीन थोरल्या मुलाला जायची. ट्योर्बेलमध्ये सगळ्या मुलांना सारखी वाटणी, आणि मुलींनाही. जमीनच काय, घराचेसुद्धा मजले वाटले जात. लाकडी घराचा खालचा मजला एका भावाचा, वरचा बहिणीचा. गोठ्याचा चौथा हिस्सा एकाचा, आठवा दुसऱ्याचा. धान्य ठेवायची कोठारं दगडी चकत्यांवर उभी, म्हणजे उंदीर वर चढू नये. त्या कोठाराच्या आत प्रत्येक घराचा वेगळा कप्पा. तुकड्यांचे हे तुकडे पाहून शहाण्या शेतीतज्ज्ञानं कपाळावर हात मारला असता. पण त्यातही एक शहाणपण होतं. एका उतारावर हिमलोट आला किंवा गारपीट झाली, तरी दुसऱ्या उतारावरचा तुकडा वाचायचा.

इतकी सगळी खासगी मालकी. द्राक्षबाग माझी, रायचं शेत माझं, गवताचा तुकडा माझा, बांधावरून भांडणंसुद्धा माझी. आणि तरीही पाच गोष्टी कुणाच्याच नव्हत्या, म्हणजे सगळ्यांच्या होत्या: आल्प, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट आणि रस्ते. असं का? नेटिंग यांचं उत्तर साधं आहे. गवताचा सुपीक तुकडा राखायला, खत घालायला, पाणी द्यायला मालक परवडतो. पण वरचं कुरण विशाल, उत्पन्न कमी, कुठल्या वर्षी कुठला कोपरा हिरवा होईल ते सांगता येत नाही. त्याला कुंपण घालायचं तर गवतापेक्षा कुंपण महाग. ते एकत्र ठेवण्यातच सोय होती. म्हणजे ही माणसं भोळी, साधी, समाजवादी वगैरे नव्हती. हिशेबी होती. कुठं वाटायचं आणि कुठं वाटायचं नाही, हे त्यांना कळत होतं.

१ फेब्रुवारी १४८३ या दिवशी ट्योर्बेलच्या रहिवाशांनी एक करार केला. आल्प, जंगल आणि पडीक जमीन यांचा वापर नीट व्हावा म्हणून त्यांनी रीतसर संघ बांधला. कोलंबस अजून निघायचा होता. आपल्याकडं दख्खनमध्ये बहमनी सुलतानांचं राज्य होतं. १५०७ च्या एका दस्तऐवजात गावाच्या सामाईक जमिनींच्या हद्दी नोंदल्या आहेत. आणि १५१७ मध्ये एक नियम लिहिला गेला, ज्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे. नियमाचा आशय असा: कुणाही नागरिकानं आपल्याला हिवाळाभर पोसता येतील त्यापेक्षा जास्त गाई आल्पवर पाठवू नयेत.

बस. एवढंच. यात किती टन गवत आहे, किती गाईंचा भार पेलेल, याचा हिशेब नाही. कुणी अधिकारी येऊन कुरण मोजणार नाही. पण जरा विचार करा. हिवाळ्यात सहा-सात महिने गाय गोठ्यात. तिला खायला घालायचं ते आपल्या खासगी तुकड्यावर उन्हाळ्यात कापून, वाळवून, पाठीवर वाहून साठवलेलं गवत. ज्याच्याकडं तीन गाईंचं गवत, त्याच्या तीनच गाई जगणार. मग उन्हाळ्यात वर चरायलाही तीनच जातील. पैसेवाल्यानं वसंतात बाजारातून दहा गाई विकत आणायच्या, सगळ्यांच्या कुरणावर फुकट चारायच्या आणि शरदात नफ्यानं विकून टाकायच्या, ही वाट बंद. खालच्या घामाला वरचं गवत बांधून टाकलं. अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या शेतकऱ्यांनी हे एका वाक्यात केलं. मला चांगल्या ओळीचं कौतुक वाटतं, मग ती कवितेतली असो की दस्तऐवजातली.

नियम लिहिणं सोपं, पाळणार कोण? जूनमध्ये ठरलेल्या दिवशी सगळ्या गाई एकदम वर जायच्या. एकदम जाण्याचं कारण मोजणी. त्या क्षणी मोजलं की कुणाच्या किती हे सगळ्यांसमोर ठरलं. मग शंभरेक दिवस गुराखी आणि चीज करणारे वरच राहायचे. सगळ्यांचं दूध एकत्र व्हायचं, चीज एकत्र बनायचं, आणि शेवटी चिजाची वाटणी व्हायची ती गाईंच्या त्याच संख्येवर. म्हणजे मोजणीकडं गावातल्या प्रत्येक घराचे डोळे लागलेले. शेजाऱ्यानं एक गाय चोरून जास्त घुसवली तर माझ्या चिजातला तुकडा कमी होणार. पहारेकरी नेमायची गरजच कमी पडते, कारण सगळेच पहारेकरी.

तरी एक माणूस नेमलेला असे. त्याला ‘गेवाल्टहाबर’ म्हणत. शब्दशः अर्थ ज्याच्या हाती अधिकार तो. संख्या ओलांडणाऱ्याला तो दंड करी आणि दंडाची अर्धी रक्कम स्वतः ठेवून घेई. आपल्याकडं अशी तरतूद केली तर काय होईल, हे तुमच्या मनात आलं असेल, माझ्याही आलं. पण तो गावातलाच, निवडलेला, सगळ्यांच्या ओळखीचा. खोटा दंड केला तर पुढच्या सभेत त्याची धडगत नव्हती. रस्ते दुरुस्त करणं, हिमलोटानं पडलेल्या झोपड्या आणि गुरांचे वाडे पुन्हा बांधणं, शेणखत पसरणं, या कामांचा वाटाही ज्याच्या जितक्या गाई त्या प्रमाणात. गाई जास्त तर फावडंही जास्त.

जंगलाची तऱ्हा तर मला फारच आवडली. वर्षातून एकदा गावचे अधिकारी जंगलात जाऊन तोडायच्या झाडांवर खूण करत. हक्कदार घरांच्या टोळ्या व्हायच्या. झाडं पाडणं, ओढून आणणं, ओंडके रचणं हे काम सारखं वाटून घ्यायचं, आणि जवळपास सारखे ढीग रचायचे. मग चिठ्ठ्या टाकायच्या. कुठला ढीग कुणाचा ते चिठ्ठी ठरवणार. ढीग रचताना आपल्याला कुठला मिळणार हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळं प्रत्येक जण सगळेच ढीग प्रामाणिकपणे रचतो. लहानपणी घरात आई एका भावाला पेरू कापायला लावायची आणि दुसऱ्याला आधी फोड उचलायला सांगायची. न्यायाची कल्पना तीच. फक्त इथं पेरूच्या जागी जंगल.

पाण्याबद्दल सांगितल्याशिवाय या प्रांताची गोष्ट पुरी होत नाही. हिमनद्यांचं वितळलेलं पाणी डोंगराच्या कडेकडेनं, मैलोन् मैल, पाटांमधून आणलेलं. जर्मन बोलीत या पाटांना ‘सुओनेन’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘बिस’. काही ठिकाणी सरळ कड्याला खुंट्या ठोकून त्यावर लाकडी पन्हळ टांगलेली, खाली शेकडो फूट खोल दरी. अशा पन्हळी दुरुस्त करताना माणसं पडून मेली आहेत. पाणी पाळीपाळीनं मिळे. आपल्या खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धत चाले, त्यातली पाणी-पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. रात्री-बेरात्री आपली पाळी आली की कंदील घेऊन निघायचं.

पाटावर एक राखणदार असे. त्याच्या झोपडीजवळ प्रवाहात एक छोटं लाकडी चाक बसवलेलं, त्याला एक हातोडा जोडलेला. पाणी वाहत असलं की चाक फिरे आणि हातोडा फळीवर टक् टक् करत राही. राखणदार त्या आवाजात निवांत झोपे. पाट कुठं फुटला, दरड कोसळून तुंबला, की चाक थांबे, टकटक बंद होई आणि तो दचकून जागा होई. आपल्याकडं आवाज झाला की माणूस जागा होतो. इथं आवाज थांबला की.

आणि हे सगळे हिशेब, कुणाचं किती पाणी, कुणाची किती पाळी, लिहून ठेवायचे कशात? सगळ्यांना लिहिता येत नव्हतं. त्यासाठी लाकडाच्या कांड्या. त्यांना ‘टेसेल’ म्हणत. प्रत्येक घराची एक खूण, दोन रेघा, एक फुली, एक कोन, अशी काहीतरी, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. ती खूण कांडीवर कोरायची आणि हक्काइतक्या खाचा पाडायच्या. सगळ्यांच्या कांड्या एका दोरीत ओवल्या की गावाचं दप्तर तयार. काही कांड्या आज वालिसच्या संग्रहालयांमध्ये आहेत. ‘हक्क’ हा आपला रोजच्या बोलण्यातला शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं मराठीत आला, आणि सत्य हाही त्याचा एक अर्थ आहे. लाकडावरची खाच बघताना मला ते दोन्ही अर्थ एकत्र दिसतात.

आता या छोट्या गावाचा मोठ्या जगाशी संबंध काय? १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्यांच्या मालकीचं कुरण असलं की प्रत्येक गुराखी एक गाय वाढवत जातो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटला जातो. शेवटी कुरण उजाड होतं. यातून अनेकांनी निष्कर्ष काढला की सामाईक म्हणून काही ठेवूच नये. एक तर सरकारच्या ताब्यात द्या, नाही तर खासगी मालकाच्या. जगभरच्या धोरणांवर या लेखाची सावली पडली. ऑस्ट्रॉम यांनी ट्योर्बेलकडं बोट दाखवलं. हे बघा, पाच शतकं झाली, कुरण उजाड झालेलं नाही, आणि ते सरकारचंही नाही नि सावकाराचंही नाही. हार्डिन यांनी ज्याला सामाईक म्हटलं ते खरं तर बेवारशी होतं. पुढं १९९० च्या दशकात हार्डिन यांनीही मान्य केलं, की आपल्याला म्हणायचं होतं ते व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेबद्दल.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुष्कळ लेख इथंच थांबतात. मला थांबता येत नाही, कारण १४८३ च्या त्या करारात आणखी एक कलम आहे. बाहेरच्या माणसानं ट्योर्बेलमध्ये जमीन विकत घेतली किंवा अन्य मार्गानं ती त्याच्या ताब्यात आली, तरी त्याला आल्पवर, सामाईक जमिनीवर, जंगलातल्या लाकडावर कसलाही हक्क मिळणार नाही. जमिनीचा मालक होशील, गावाचा होणार नाहीस. गावकीत घ्यायचं की नाही ते गावच ठरवणार. आणि गाव सहसा घेत नसे. तीच मोजकी आडनावं शतकानुशतकं चर्चच्या वहीत फिरत राहिली.

हे कलम मला टोचतं. त्याचं कारण सांगतो. आमचं घर पिंजाऱ्याचं. आजोबा दुसऱ्या तालुक्यातून येऊन गावात वसले. जमीन नाही, वतन नाही. कापूस पिंजायचा आणि दोन शेळ्या पाळायच्या. त्या शेळ्या गावच्या गायरानावर चरायच्या आणि तिथं त्यांना कुणी कधी अडवलं नाही. आमच्या वाट्याचं दूध त्या गायरानातून आलं. ट्योर्बेलच्या नियमात आजोबांना जागा नव्हती. त्यांच्या शेळ्यांना तर नव्हतीच.

पण मग दुसरी बाजूही पाहावी लागते. आपलं गायरान आज कुठं आहे? कागदावर ते सरकारचं, वापर गावाचा, आणि मोजणी कुणाचीच नाही. कुठं त्यावर शाळा झाली, कुठं टाकी, कुठं पुढाऱ्याचा पेट्रोल पंप. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरानं कसून पोट भरलं, त्यांचे हक्क अजून कोर्टकचेरीत अडकलेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश राज्यांना दिला. त्या आदेशाच्या कक्षेत बंगलेवाला आणि झोपडीवाला दोघंही येतात. आमच्या गायरानाला दार नव्हतं म्हणून आजोबांना आत येता आलं. दार नव्हतं म्हणूनच ते उरलं नाही. ट्योर्बेलनं दार लावलं आणि कुरण वाचवलं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि दोन्ही एकदम बरोबर घेऊन बसणं सोपं नाही.

दाराचा हा प्रश्न एकट्या ट्योर्बेलचा नव्हे. गोव्यात गावकरी पद्धत होती, गावची जमीन गावकरांची, उत्पन्नातून त्यांना ‘झोण’ मिळायचा. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये त्या रिवाजांची सनद लिहून काढली. म्हणजे ट्योर्बेलचा गाईंचा नियम आणि गोव्याची ही सनद यांत अंतर अवघं नऊ वर्षांचं. तिथंही गावकर कोण, तर त्या घराण्यात जन्मलेला पुरुष. बाकीचे गावात राहत, पण गावकर नव्हेत.

आणि पुरुष म्हटलं की ट्योर्बेलच्या सभेकडं पुन्हा वळावं लागतं. सगळे नागरिक मत देत, असं पुस्तकात येतं. सगळे म्हणजे कोण? मुलीला शेतात सारखा वाटा, गोठ्यात सारखा वाटा, सभेत मात्र मत नाही. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला तो १९७१ मध्ये. आपल्याकडं तोवर चार सार्वत्रिक निवडणुकांत बायकांनी मतदान केलं होतं आणि देशाची पंतप्रधान एक बाई होती. पण या कथेत वालिसच्या डोंगराचा एक मान आहे. ट्योर्बेलपासून फार लांब नाही, अशा उंटरबेख नावाच्या खेड्यात मार्च १९५७ मध्ये ३३ स्त्रिया मतदान केंद्रात गेल्या आणि मत देऊन आल्या. त्यात पहिली होती गावच्या अध्यक्षांची पत्नी, काथारिना त्सेनहॉयसर्न. प्रश्न होता नागरी संरक्षणाची सेवा स्त्रियांवरही लादावी की नाही, आणि गावाच्या पंचांनी ठरवलं की ज्यांच्यावर ओझं टाकायचं त्यांना विचारलं पाहिजे. ती मतं अधिकृत धरली गेली नाहीत. पण पेटीत पडली. ज्याच्यावर नियमाचा भार त्याचं मत, हे सूत्र तिथल्या डोंगरात जुनंच होतं. ते स्वयंपाकघरापर्यंत पोचायला साडेचारशे वर्षं लागली.

बाहेरच्यांसाठी, गरिबांसाठी या डोंगरात काहीच नव्हतं असंही नाही. त्याच प्रांतात, रोनच्या पलीकडं, लोचेनटाल नावाचं खोरं आहे. तिथल्या फेर्देन गावची एक चाल सांगतो. जुलैमधल्या ठरलेल्या दिवसांचं आल्पवरचं दूध कुणीही घरी न्यायचं नाही. त्याचं एक प्रकारचं चीज करायचं, हिवाळाभर मुरवायचं आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी भाकरी आणि द्राक्षमद्याबरोबर वाटायचं. मुळात हे वाटप गरिबांसाठी होतं. यामागची दंतकथा अशी, की आल्पवर भुताटकी झाली, गुरं टिकेनात, तेव्हा गावानं नवस केला की दुधाचा वाटा दान करू. कुरणाचा वाटा द्यायला तयार नसलेली माणसं दुधाचा वाटा द्यायला तयार झाली, आणि त्यासाठी भुतांना मध्यस्थी करावी लागली.

भुतांची या प्रदेशात उणीव नाही. पापी जीव मेल्यावर हिमनदीच्या बर्फात गोठून शिक्षा भोगतात, रात्री त्यांची मिरवणूक कड्याकड्यानं जाते, अशी तिथल्या वृद्धांची श्रद्धा होती. आल्प्सच्या जर्मन भाषक मुलखात एक कथा पुन्हा पुन्हा येते: ज्यानं रात्री शिवेचा दगड सरकवला, तो मेल्यावर तोच दगड, निखाऱ्यासारखा तापलेला, खांद्यावर घेऊन फिरत राहतो. गेवाल्टहाबरचा दंड चुकवता येईल, या दंडाचं काय करणार?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा आला आणि पोटं भरू लागली. माणसं वाढली. पण कुरण वाढलं नाही, नियम बदलला नाही. त्याची किंमतही होती. पुष्कळांची लग्नं उशिरा होत, काहींची होतच नसत. काही जण गाव सोडून जात. वालिसमधल्या कुटुंबांनी समुद्र ओलांडून आर्जेंटिनात १८५७ मध्ये सान होसे नावाची वसाहत वसवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाली फिस्पला रसायनांचा मोठा कारखाना उभा राहिला. ट्योर्बेलचा शेतकरी तिथं पाळीवर जाऊ लागला. द्राक्ष आणि गवत ठेवलं, राय हळूहळू सुटली. पूर्वी गावच्या सामाईक भट्टीत वर्षातून दोन-तीनदा रायची भाकरी भाजायचे आणि ती महिनोन् महिने पुरवायचे. इतकी टणक व्हायची की फोडायला बिजागरीचा सुरा लागे. ती जुनी भट्टी आणि पाणचक्की गावानं आता जपून ठेवली आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं स्वित्झर्लंडचा आल्पवरचा उन्हाळा आणि सात युरोपीय देशांतली पाटपाण्याची जुनी पद्धत, दोन्ही अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतल्या. पुढं दीड वर्षात, २८ मे २०२५ रोजी, फेर्देनच्याच खोऱ्यातलं ब्लाटन हे गाव हिमनदी आणि कडा एकत्र कोसळून गाडलं गेलं. सुमारे तीनशे माणसांना आणि गुरांना नऊ दिवस आधीच हलवलं होतं.

नेटिंग ट्योर्बेलला राहिले तेव्हा, १९७० च्या आसपास, कारखान्यातून पाळी संपवून आलेली माणसं संध्याकाळी लांब दांड्याचे विळे घेऊन उतारावर जात. पगार खिशात होता, दुधाची पिशवी दुकानात मिळत होती. तरी ते गवत कापत होते. कारण त्या वर्षी वर किती गाई पाठवायच्या, ते अजून त्या गवतावरच ठरत होतं.